भिकनचं पोटॅशियम

लॅबमधले किस्से कोणी गोळा करत नाही. रक्ताची बाटली अर्धा तास नुसती उभी ठेवली की गाठ आपोआप खाली बसते आणि वर पिवळसर पाणी राहतं. किस्से तसेच साठतात. सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या एका लॅबमध्ये मी सगळी नव्वदची वर्षं उभी होते. माझ्यात किती साठले असतील, तुम्हीच बघा!

शिक्षण विचाराल तर चौथी पास, जिल्हा धुळे. लॅबमध्ये लागले ती बाटल्या धुवायला. रक्त काढायला शिकले ती बघून बघून. इंग्रजी अक्षरं आणि आकडे शिकले ते टाइप चुकला म्हणून टोपलीत फेकलेल्या रिपोर्टांवरून. यात कोणाला लाज वाटत असेल तर ती त्याची. मला नाही!

आता शुगरचे किस्से कोणीही सांगेल. शुगर सगळ्यांना कळते, लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक एकमेकांना आपापली शुगर सांगतात. माझे किस्से पोटॅशियमचे. ते फार थोड्यांना कळतं. डॉक्टरांनासुद्धा सगळ्यांना कळत नाही, हे मी तेव्हाही तोंडावर बोलले होते, आजही बोलते.

*

आमच्याकडे पोटॅशियम मोजायचं मशीन होतं. त्यात गॅसची निळी ज्योत जळायची. रक्ताचं वरचं पाणी त्या ज्योतीत फवारलं जायचं आणि ज्योतीच्या रंगावरून मशीन आकडा सांगायचं. हे मशीन म्हणजे हसमुखभाईचा देव. हसमुखभाई आमचे टेक्निशियन. वलसाडकडचे, सडपातळ, अबोल. दिवसभर आतल्या खोलीत त्या ज्योतीसमोर बसायचे. पेशंट कधी बघायचे नाहीत. कोण गेला, कोण आला, त्यांना फक्त नंबरांनी माहीत.

एकदा मी विचारलं, "हसमुखभाई, हे पोटॅशियम म्हणजे काय हो?"

"तमारे शुं काम, माई? तुम्ही बाटल्या धुवा."

मी तशीच ओल्या हातांनी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब म्हणजे लॅबचे मालक, मोठे डॉक्टर, पण बोलायला गोड. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला खुर्ची दिली. म्हणाले, "माई, भाजीत मीठ असतं तसं हे रक्तात. साडेतीन ते पाचपर्यंत ठीक. कमी झालं तर हातापायांतलं बळ जातं. जास्त झालं तर हृदय चालता चालता थांबतं. आणि जास्त होतं ते बहुतेक किडनी थकली की, कारण ते बाहेर टाकायचं काम किडनीचं."

"एवढंच?"

"एवढंच."

मी बाहेर आले आणि हसमुखभाईंना म्हटलं, "दोन मिनिटांचं काम होतं. तुम्ही मला बाटल्या धुवायला लावून पाच वर्षांचं केलंत!"

*

त्याच हसमुखभाईंची खोड मी मोडली ती अशी.

मी रजेवर असले की रक्त ते काढायचे, आणि त्या दिवशी पोटॅशियम सगळ्यांचंच चढलेलं निघायचं. साहेब हैराण. मशीन तपासून झालं, गॅस बदलून झाला. मी मात्र परत आले की उरलेल्या बाटल्या बघत होते. रक्ताच्या वरचं पाणी कसं असायला हवं? पातळ तेलासारखं पिवळसर. हसमुखभाईंनी काढलेल्या प्रत्येक बाटलीत ते गुलाबी!

मग एका रजेच्या दिवशी मुद्दाम येऊन मी त्यांना रक्त काढताना बघितलं. घाई एवढी की सुई न काढताच सिरिंजमधून जोरात पिचकारी मारून रक्त बाटलीत सोडायचे. वर बाटली खळखळ हलवायचे. रक्तातले कण फुटायचे आणि कणांच्या पोटातलं पोटॅशियम सगळं पाण्यात!

मी बाटली उजेडाला धरली. "हसमुखभाई, हे काय आहे?"

"सीरम."

"हे सरबत आहे! माणूस चांगला आहे, त्याचं रक्त तुम्ही मारलंत!"

 त्या दिवसापासून हसमुखभाई प्रत्येक बाटली मशीनला लावायच्या आधी खिडकीतून हात बाहेर काढून मला दाखवायचे. "माई, चालशे?"

मी मान हलवली तरच ज्योत पेटायची. चौथी पास!

*

आता भिकन. भिकन आमच्या खानदेशातला, पाटियाच्या मागच्या चाळीत राहायचा आणि पलीकडच्याच गल्लीत पॉवरलूमवर होता. चाळिशीतला, दांडगा, हसरा माणूस. त्याच्या किडन्या थकल्या होत्या. किडनीच्या डॉक्टरांनी त्याला एक औषधी पावडर दिली होती, पोटॅशियम शोषून घेणारी, आणि एक नियम दिला होता: दर सोमवारी रक्त तपासायचं. साडेपाचपर्यंत असलं तर घरी राहायचं, कामावर जायचं. सहाच्या वर गेलं तर उभ्या पायी मोठ्या दवाखान्यात, कारण हृदय कधी थांबेल सांगता येत नाही. म्हणजे भिकनचा सगळा आठवडा, सगळं आयुष्यच म्हणा, त्या एका आकड्यावर लोंबकळत होतं.

पहिल्या सोमवारी आकडा आला सहा पॉइंट दोन. भिकनची बायको लीला बाकावर बसली होती, ती पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मी म्हटलं, थांबा. रक्त मीच काढलं होतं, गुलाबी नव्हतं. मग काय चुकलं? आठवून बघितलं. मी त्याला "मूठ आवळ" म्हटलं होतं. लूमवरचा हात तो! शीर दोरखंडासारखी वर आली तरी गडी मूठ उघडतोय, आवळतोय, उघडतोय, आवळतोय. वर मी पट्टाही घट्ट बांधलेला. असं केलं की स्नायूतलं पोटॅशियम त्या हाताच्या रक्तात उतरतं आणि आकडा खोटाच वर जातो. हे मला साहेबांनी एकदा सांगितलं होतं. चूक माझी होती. मी ती तिथंच सगळ्यांसमोर कबूल केली, माझं काय जातं?

दुसऱ्यांदा काढलं. पट्टा सैल, मूठ उघडी, हात उशीवर ठेवलेला. आकडा पाच पॉइंट चार!

लीलानं माझे पाय धरले. भिकन हात जोडून म्हणाला, "माई, तुमच्या हातानं पॉइंट आठ उतरलं!"

"माझ्या हातानं नाही रे. तुझ्या मुठीनं चढलं होतं!"

पण ऐकेल तर भिकन कसला? पुढच्या सोमवारी साडेपाच आलं तेव्हा माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "माई, अजून एकदा काढा ना. तुमच्या दुसऱ्या हातानं!"

*

चलथाणला माझी बहीण असते. मेहुणे साखर कारखान्यात. त्यांना पायाला सूज आली म्हणून तिथल्या डॉक्टरांनी रक्त काढून दिलं आणि सुरतेला तपासून आणा म्हणाले. मेहुणे स्वभावाने फार काळजी घेणारे. रक्त खराब होऊ नये म्हणून त्यांनी बाटली बर्फाने भरलेल्या थर्मासमध्ये बसवली. मग वाटेत एका पाहुण्याकडे जेवले, तिथे नवा बर्फ भरून घेतला आणि दुपारी तीनला लॅबमध्ये पोचले. थर्मास मांडीवर असा धरलेला की जणू आत पेढे आहेत.

आकडा सात! साहेब उठून उभे राहिले. "पेशंट कुठे आहे? त्याला झोपवा!"

मेहुणे घाबरून बाकावर आडवे झाले. वर मला बजावायला लागले, "सुमन, तुझ्या बहिणीला सांभाळ. शेताचा कागद ट्रंकेत आहे."

मी थर्मास उघडला. गाठ खाली, पाणी वर, आणि सगळं मिळून सकाळपासून बर्फात. मला हसू आवरेना. रक्ताचं वरचं पाणी वेगळं काढून मग गार ठेवलं तर टिकतं. पण सगळं रक्त तसंच बर्फात ठेवलं की थंडीनं कणांमधलं पोटॅशियम तासातासानं बाहेर झिरपत राहतं.

"उठा दाजी! रक्त आहे, श्रीखंड नाही. एवढं गार कशाला करायचं?"

तिथंच ताजं काढलं. चार पॉइंट एक. सूज होती ती नव्या बुटांची!

*

ही गोष्ट हसमुखभाईंच्या हाताखाली आलेल्या एका शिकाऊ मुलीची. चांगली होती बिचारी, पण कामात उरक फार. आमच्याकडे बाटल्या दोन जातीच्या. एक साधी. दुसरीत औषधाची पूड, रक्त गोठू नये म्हणून. त्या औषधातच पोटॅशियम असतं. एका पेशंटची साधी बाटली थोडी कमी भरली, म्हणून या मुलीनं दुसरीतलं रक्त तिच्यात ओतून दोन्ही सारख्या केल्या. घरी आमटी वाढताना करतो ना, तसं!

आकडा आला चौदा.

हसमुखभाई पहिल्यांदाच आतल्या खोलीतून पळत बाहेर आले. साहेब म्हणाले, "चौदा? चौदाला माणूस जिवंत नसतो!"

मी गॅलरीतून खाली बघितलं. तो माणूस चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीपाशी, उभा होता आणि कप अर्धाच भरला म्हणून चहावाल्याशी हमरीतुमरीवर आला होता.

मी वरून ओरडले, "साहेब, मेलेला फार भांडतोय!"

*

कधीकधी उलटंही व्हायचं. कोसाडच्या वसाहतीतला एक विदर्भाकडचा बांधकामावरचा गडी, तीन दिवस जुलाब झालेला. चौथ्या दिवशी उठायला गेला तर पाय उचलेनात. शेजारच्यांनी ठरवलं, अंगावरून वारं गेलं. भगताला बोलावलं. भगतानं लिंबू फिरवलं, उदी लावली आणि नारळ मागितला. तेवढ्यात त्याचा मुकादम शहाणा निघाला, गड्याला रिक्षात घालून आमच्याकडे घेऊन आला. पाठोपाठ भगतही आला, नारळ काखेत धरून!

पोटॅशियम दोन पॉइंट एक. जुलाबातून सगळं वाहून गेलेलं. साहेबांनी फोन करून शेजारच्या दवाखान्यात सलाईनची बाटली लावायला सांगितली.

भगत जिन्यात मला अडवून म्हणाला, "बाई, आधी हा नारळ उतरवू द्या. त्याशिवाय पायात जीव येणार नाही."

"बरोबर बोललात," मी म्हटलं. "पण उतरवू नका. फोडा आणि त्याला पाजा! त्या पाण्यात पोटॅशियमच आहे!"

दोन दिवसांनी गडी आपल्या पायांनी जिना चढून पेढे घेऊन आला. अर्धे मला, अर्धे भगताला.  नारळ तर भगताचाच होता!

*

आणि नारळपाणी ज्याला विष, तो आमचा भिकन. नारळपाणी बंद, केळी बंद, बटाटा बंद, टोमॅटो बंद. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी द्यायची, म्हणजे भाजीतलं पोटॅशियम पाण्याबरोबर जातं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी लीलाला तीनदा घोकून घेतलं होतं.

तरी एका सोमवारी पाच पॉइंट नऊ. पुढच्या सोमवारीही पाच पॉइंट नऊ. सहाला एक पाऊल कमी! मूठ नाही, बर्फ नाही, पाणी छान पिवळसर. मग चढतंय कशानं?

मी सरळ त्यांच्या घरी गेले. चाळीतली एकच खोली, पण भांडी अशी घासलेली की तोंड बघावं. लीला स्वयंपाकच करत होती. मी पाटावर बसले आणि बघत राहिले. पालक चिरला, उकळला, पाणी गाळून बाजूला काढलं. शाबास! भाजीला फोडणी दिली. शाबास! मग परातीत ज्वारीचं पीठ घेतलं आणि ते हिरवं पाणी त्यात ओतून भाकरीला मळायला लागली!

"अगं बाई! हे काय करतेस?"

लीलाला माझा राग कळेना. "माई, भाजीचं सगळं सत्त्व त्या पाण्यात जातं. ते गटारीला देऊ आणि नवऱ्याच्या ताटात चोथा वाढू?"

"अगं, ते सत्त्वच त्याच्या जिवावर उठलंय!"

ती थबकली. पिठाच्या हातानंच कपाळावरचा घाम पुसला. मग ती परात उचलून बाहेर गेली आणि ते मळलेलं पीठ शेजारच्या गायीला घातलं. परत येऊन माझ्यासमोर बसली आणि हळूच म्हणाली, "माई, गायीला काही होणार नाही ना?"

*

आता शेवटचं. हे सांगताना आजही माझा आवाज चढतो.

त्या सोमवारी मी लॅबमध्ये नव्हते, चलथाणला बहिणीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. मंगळवारी आले आणि सवयीनं आधी रजिस्टर उघडलं. भिकनचं पोटॅशियम चार पॉइंट तीन! अर्धं मिनिट मी खूश झाले. मग खालची ओळ वाचली. किडनीचा दुसरा आकडा, क्रिएटिनिन, भिकनचा कायम पाचच्या पुढे. तिथं लिहिलं होतं एक.

थकलेली किडनी म्हणजे काय सासुरवाशीण आहे, आठ दिवस माहेरी राहिली आणि टवटवीत होऊन आली?

"हसमुखभाई! काल भिकनचं रक्त कोणी काढलं?"

"में काढ्युं. पिचकारी मारी नाही, माई. हळू काढलं."

"माणूस भिकनच होता?"

"नाव पुकारलं. एक माणूस उठला. हात पुढे केला." हसमुखभाई थांबले. "माई, मी पेशंटचं तोंड क्यां बघतो?"

मी चप्पल घातली ती थेट भिकनच्या कारखान्यात. आत खटाखट खटाखट, कानठळ्या बसत होत्या. भिकन आपल्या सहा मशीनींच्या मध्ये उभा होता, एका हातानं मशीनला धरून. मला बघून हसला. मी त्याला बाहेर ओढलं.

"काल लॅबमध्ये कोण आलं होतं?"

"बदली पाठवला होता ना, माई!"

आता ज्यांना लूमचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लूमवरच्या माणसाला रजा घ्यायची तर तो आपल्या जागी दुसरा माणूस उभा करतो. त्याला म्हणतात बदली. काम बदली करतो, पण हजेरी मूळ माणसाच्याच नावानं लागते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत.

"अरे, मग बदली मशीनवर ठेवायचा आणि रक्ताला तू यायचं!"

भिकननं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच खुळी. "माई, माझ्या मशीन माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत. दुसऱ्याचा हात लागला की दोरा तुटतो, कापडाचा ताका खराब होतो. रक्ताचं काय? बाटली भरली की झालं!"

आतून तो बदलीही बाहेर आला, एक किडकिडीत गडी, दंडाला कालची पट्टी तशीच मिरवत. मी त्याच्यावर तुटून पडले. तो सगळं निमूट ऐकून घेऊन म्हणाला, "पण माई, रिपोर्ट तर चांगला आला ना? मग भांडता कशाला?"

मी भिकनला विचारलं, "रिपोर्ट डॉक्टरांना दाखवलास?"

"दाखवला ना! खूश झाले. आठ दिवस पावडर बंद म्हणाले." मग जरा लाजून, "काल मी दोन केळी खाल्ली, माई. किती महिन्यांनी! आज सकाळी पण दोन."

"आणि आता कसं वाटतंय?"

"बरं आहे. फक्त पाय जड झालेत. उभं राहवत नाही जरा."

पोटॅशियम फार चढलं तरी पाय असेच जड होतात. रिक्षा, लॅब, सुई. पट्टा सैल, मूठ उघडी. हसमुखभाईंनी बाटली खिडकीतून दाखवली नाही, स्वतः बाहेर घेऊन आले. मी ती उजेडाला धरली. आजवर दर वेळी देवाला म्हणायचे, पाणी स्वच्छ असू दे. त्या दिवशी म्हटलं, देवा, गुलाबी असू दे. माझी चूक निघू दे!

स्वच्छ पिवळं होतं. आकडा सात पॉइंट एक. हसमुखभाईंनी मला न विचारता दुसऱ्यांदा लावून बघितलं. सात पॉइंट एक.

साहेबांनी स्वतःची गाडी काढली. मोठ्या दवाखान्यात भिकनच्या छातीला वायर लावल्या, कागदावर हृदयाच्या रेघा बघून तिथले डॉक्टर पळायलाच लागले. इंजेक्शन दिलं, मग मशीनवर रक्त धुवायला घेतलं. लीला आली, तिला काचेतून नवरा दाखवला. ती रडली नाही. डॉक्टरांना एकच विचारलं, "वाचतील?" ते म्हणाले, "वेळेवर आणलंत." मग तिनं मला विचारलं, "माई, तुम्ही थांबाल इथं?" मी हो म्हटलं. ती निघून गेली. मला रागच आला. नवरा असा पडलेला आणि ही चालली कुठे?

दुसऱ्या दिवशी दुपारी भिकन उठून बसला. पोटॅशियम चार पॉइंट आठ, त्याचं स्वतःचं! तोंड मात्र उतरलेलं.

"काय झालं रे? वाचलास ना?"

"मशीन बंद पडल्या असतील, माई. नाहीतर शेठनं कोणाला तरी दिल्या असतील. ताक्याची वाट लागली असेल."

तेवढ्यात लीला डबा घेऊन आली. केसांत, भुवयांत, पदरावर दोऱ्याचे बारीक बारीक तुकडे.

भिकन बघतच राहिला. "कुठून आलीस?"

"मशीनवरून."

भिकनचं दुखणं निघेपर्यंत लीला त्याच कारखान्यात बारा वर्षं मशीनींसाठी कांड्यांवर दोरा भरायला बसायची. त्याच्या पाठीमागेच. बारा वर्षांत त्यानं कधी मागे वळून बघितलं नव्हतं, आणि तिनं त्याच्या हातांवरून नजर काढली नव्हती. काल ती त्याच्या जागी उभी राहिली तेव्हा शेठनं आधी नाही म्हटलं, मग तासभर उभं राहून बघितलं आणि निघून गेला.

भिकननं तिच्या पदरावरचा एक दोरा उचलून बोटांत धरला. मग हळूच म्हणाला, "दोरा कितीदा तुटला?"

"दोनदा."

"दिवसातून?"

"कालपासून."

भिकननं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. दिवसातून चार-पाचदा त्याचा स्वतःचा तुटायचा, हे त्यानंच मला कितीदा सांगितलेलं!

लीलानं डबा उघडला. भाजी, भाकरी, आणि भाकरी पांढरीशुभ्र. पहिला घास मोडून त्याच्या हातात दिला आणि आमच्या अहिराणीत म्हणाली,

"आते दर सोमवारे रगत तपासाले तुम्ही जा. मशीनवर बदली मी शे."